ट्रान्स मुलीला शाळेच्या मुलींच्या गटात उतरवायचं का? नियम, शरीर आणि मैदानावरची व्यवस्था

चुन्याची_रेघ | २ डिसेंबर २०२५

नमस्कार मंडळी. अनुदानित माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. तालुका, जिल्हा मुद्दाम लिहीत नाही. मूल ओळखू येता कामा नये.

इयत्ता आठवी, वय साडेतेरा. जनरल रजिस्टरला नोंद 'मुलगा', पण ती घरात आणि शाळेत मुलगी म्हणूनच वावरते. आईवडील पाठीशी आहेत आणि गणवेशाचा प्रश्न मुख्याध्यापकांनी केव्हाच मिटवला आहे. आवाज फुटायला लागलाय, वर्षभरात उंचीही बरीच वाढली आहे. तिला मुलींकडून १०० मीटर, लांब उडी आणि ४ x १०० रिले करायची आहे. मैत्रिणी कबड्डीतही घ्या म्हणतात.

शाळेच्या वार्षिक स्पर्धा डिसेंबरअखेर आहेत. पुढच्या वर्षी तालुक्याच्या प्रवेशिका भरायच्या आहेत. दोन मुलींच्या पालकांनी विचारलं, "आमच्या मुलीचा नंबर गेला तर?" हा प्रश्न मला वावगा वाटत नाही. एका सहकाऱ्याने सुचवलं की डॉक्टरकडून एकदा तपासून घ्या आणि विषय संपवा. ते मात्र पटत नाही, पण नकार कशाच्या आधारावर द्यायचा तेही ठाऊक नाही.

नियम काय सांगतो, शरीराचं शास्त्र काय सांगतं आणि मैदानावर प्रत्यक्ष काय करता येईल, तेवढं सांगा. मूल चांगलं की वाईट, घरच्यांनी असं का केलं, ही चर्चा कृपया इथे नको.

---

लालमाती | २ डिसेंबर २०२५

सर, आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. शाळेची वार्षिक स्पर्धा तुमच्या घरची आहे, तिचे गट, हीट्स, बक्षिसं सगळं मुख्याध्यापक आणि तुम्ही ठरवायचं. तालुक्यापासून वरची स्पर्धा तुमची नाही. ती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाची, त्यांच्यावर क्रीडा व युवक सेवा संचालनालय आणि राष्ट्रीय पातळीला स्कूल गेम्स फेडरेशन. तिथे १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे वयोगट आणि प्रत्येकात मुलगे-मुली अशा दोनच याद्या.

या स्पर्धा कागदावर चालतात. जन्मदाखला, आधार, रजिस्टरचा उतारा आणि पात्रता अर्जावर मुख्याध्यापकांची सही. रजिस्टरला 'मुलगा' असताना मुलींच्या यादीत नाव गेलं, तर मुख्याध्यापकांनी चुकीच्या माहितीखाली सही केली असा त्याचा अर्थ होतो. समोरच्या शाळेने हरकत घेतली की पंचांना कागद बघावाच लागतो आणि कागद तुमच्या विरुद्ध आहे. १०० मीटरमध्ये एकटी ती बाद होईल. रिलेत बाकीच्या तिघींसकट संघ बाद होईल. सगळ्यांसमोर, मैदानावर, ध्वनिक्षेपकावरून. त्या मुलीला हा प्रसंग आयुष्यभर पुरेल आणि त्या तिघींचा त्यात काही दोष नसेल.

म्हणून "बघू, कोणी बोललं तर" हा मार्ग धरू नका. पुढच्या हंगामाचं परिपत्रक निघण्याआधी, म्हणजे जूनमध्येच, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या. मुलीचं नाव, इयत्ता, तुकडी काही लिहायचं नाही, "आमच्या शाळेतील एक पारलिंगी विद्यार्थिनी" एवढं पुरे. प्रश्न तीनच विचारा: प्रवेशिका कोणत्या गटात स्वीकारली जाईल, त्यासाठी कोणता कागद लागेल, आणि मुलींच्या गटात स्वीकारली जाणार नसेल तर क्रमांकाच्या बाहेर, केवळ वेळ नोंदवण्यासाठी धावता येईल का. पत्रावर आवक क्रमांक घ्या. उत्तर तोंडी मिळालं तर "आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार" असं लिहून दुसरं पत्र द्या, म्हणजे नोंद राहते.

पालकांच्या प्रश्नाबद्दल. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि दोन्हीकडे प्रमाणपत्र लागतं. गावाकडच्या मुलीसाठी जिल्ह्यातला तिसरा क्रमांक ही फार मोठी गोष्ट असते. त्यांची काळजी रास्तच आहे. त्यांना "तुम्ही मागासलेले आहात" असं कोणी सुनावू नये.

---

शरीरक्रिया | ३ डिसेंबर २०२५

शरीराचं सांगतो. इथे दोन्ही बाजूंनी बरंच ठोकून दिलं जातं.

वयात येण्याआधी मुलगे आणि मुली यांच्या धावण्यात फरक असतो, पण थोडा. काही टक्के, आणि एकाच वर्गातल्या मुलामुलांमधला फरक त्याहून मोठा असतो. फेकीत मात्र लहानपणापासूनच मुलगे बरेच पुढे असतात. खरी फारकत साधारण १२-१३ व्या वर्षी सुरू होते. मुलग्यांच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) वाढू लागतं आणि काही वर्षांत आधीच्या वीसपट-तीसपट होतं. प्रौढ पुरुषात ते प्रतिलिटर साधारण ७.७ ते २९.४ नॅनोमोल असतं, स्त्रियांत बहुधा १.७ च्या खाली. दोन्ही पट्टे एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. त्यातून उंची, हाडांची लांबी, खांद्यांची रुंदी, स्नायू, हिमोग्लोबिन हे सगळं बदलतं. सतरा-अठरापर्यंत फरक जवळजवळ पूर्ण झालेला असतो.

तो किती, ते जागतिक विक्रमांवरून बघा. १०० मीटर: ९.५८ आणि १०.४९ सेकंद, म्हणजे साडेनऊ टक्के. उंच उडी: २.४५ आणि २.१० मीटर, म्हणजे साधारण १७ टक्के. लांब उडी: ८.९५ आणि ७.५२ मीटर, १९ टक्के. धावण्यात सर्वांत कमी, उडीत जास्त, फेकीत आणि वजन उचलण्यात त्याहून जास्त. शाळेच्या हिशेबात सांगायचं तर १४ सेकंदांत १०० मीटर धावणाऱ्या मुलीच्या पुढे दहा टक्के म्हणजे साधारण दहा मीटर. फोटो-फिनिशची गरज नाही, साध्या डोळ्यांना दिसतं.

आता तुमच्या विद्यार्थिनीचं. आवाज फुटणं हे वयात येण्याचं पहिलं लक्षण नव्हे, ते मधल्या टप्प्यावर येतं. म्हणजे बदल सुरू होऊन काही काळ झाला आहे. त्याच वेळी १४ वर्षांखालील गटातल्या बऱ्याच मुली तिच्या आधीच वयात आलेल्या असतात, कारण मुलींची उंची सरासरी दोन वर्षं आधी वाढते. म्हणून या वर्षी ती वर्गातल्या दोन-तीन मुलींच्या मागेही असू शकते. पण आज मागे आहे म्हणून दहावीतही राहील असं धरू नका. हा फरक दर सहा महिन्यांनी वाढत जाणारा आहे. निर्णय एकदाच करून मोकळं होता येणार नाही. दर हंगामाला नव्याने बघावं लागेल.

हार्मोन कमी करण्याच्या उपचारांबद्दलही गैरसमज आहेत. मोठ्या वयात टेस्टोस्टेरॉन दाबलं की हिमोग्लोबिन तीन-चार महिन्यांत स्त्रियांच्या पातळीवर येतं. ताकद मात्र वर्षभरात थोडीच, साधारण पाच टक्के घटते, आणि उंची किंवा हाडं कमी होत नाहीत. अमेरिकी हवाई दलातल्या नोंदींवरच्या २०२० च्या अभ्यासात दोन वर्षांच्या उपचारानंतर पुश-अप आणि सिट-अपमधला फरक मिटला होता, धावण्यात मात्र ट्रान्स स्त्रिया १२ टक्क्यांनी पुढेच होत्या. हे सगळे अभ्यास प्रौढांचे आहेत आणि बहुतेक खेळाडू नसलेल्यांचे. शाळकरी मुलांवर ते जसेच्या तसे लावू नका.

---

दुसरी_लेन | ३ डिसेंबर २०२५

चुन्याची_रेघ सर, तपासणीचं पहिलं घेते. ती करायची नाही. शाळेने नाही, क्रीडाशिक्षकाने नाही, शाळेने बोलावलेल्या डॉक्टरनेही नाही. "मुलगा की मुलगी बघून घ्या" म्हणून अल्पवयीन मुलाचे कपडे काढायला लावणं पोक्सोखाली गुन्हा ठरू शकतं. शाळेचा ठराव असला तरी संरक्षण मिळत नाही. सहकाऱ्यांना नकार द्यायला एवढा आधार पुरेसा आहे.

दुसरं, कायदा. पारलिंगी व्यक्तींच्या ओळखीला मान्यता देणारा सर्वोच्च न्यायालयाचा नालसा निकाल १५ एप्रिल २०१४ चा. त्यानंतर २०१९ चा पारलिंगी व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाचा कायदा आला, तो १० जानेवारी २०२० पासून लागू आहे. त्याचं कलम ३ शाळेत भेदभाव करायला मनाई करतं. कलम १३ म्हणतं की सरकारी अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेने पारलिंगी विद्यार्थ्यांना खेळाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यायची. तुमची शाळा यात सरळ येते. कलम ११ प्रमाणे संस्थेत तक्रार निवारणासाठी एक अधिकारी नेमलेला असायला हवा. बहुतेक शाळांत हे पद कागदावरही नसतं, तेवढं मुख्याध्यापकांकडून आजच करून घ्या.

पण कलम १३ नीट वाचा. 'खेळाची संधी' द्या म्हणतं, 'मुलींच्या गटात' द्या असं म्हणत नाही. मला व्यक्तिशः ते तसं म्हणायला हवं होतं असं वाटतं, पण जे लिहिलेलं नाही ते आहे म्हणून पालकांना सांगू नका. संधी अजिबात नाकारणं बेकायदा ठरेल. कोणत्या गटात, हे कायद्याने उघडं ठेवलं आहे.

ओळखपत्राची प्रक्रिया अशी: अठराखालच्या मुलासाठी पालकांनी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. केंद्राचं ऑनलाइन पोर्टल आहे. २०२० च्या नियमांप्रमाणे ३० दिवसांत प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्यावर 'पारलिंगी' अशी नोंद येते आणि तिच्या आधारे शाळेची नोंद बदलता येते. 'स्त्री' अशी नोंद कलम ७ खाली, शस्त्रक्रियेनंतर. म्हणजे शाळकरी वयात ती जवळपास मिळतच नाही. हे आईवडिलांना आधीच सांगा, नाहीतर प्रमाणपत्र हातात आलं की आता मुलींच्या यादीत नाव जाईल अशी त्यांची समजूत होते आणि तालुक्याच्या टेबलावर मोडते.

शाळेत या मुलीची माहिती नेमकी कोणाकोणाला हवी, ते लिहून ठेवा. मुख्याध्यापक, तुम्ही, वर्गशिक्षक. पंचांना, व्हॉट्सअॅप गटाला, शिपायांना नको. दोन पालक तुमच्याकडे आले, त्यांच्याशी बोलतानाही तिच्या शरीराबद्दल एक शब्द काढायचा नाही. नियम काय ठरला आहे तेवढंच बोलायचं.

---

चुन्याची_रेघ | ४ डिसेंबर २०२५

तिघांचेही आभार. तपासणीचा विषय बंद केला आहे.

दोन उपप्रश्न. पालकांनी स्वतःहून रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट आणून दिला तर तो निकष धरता येईल का? आणि जागतिक पातळीवर आता गालातून नमुना घेऊन जनुक चाचणी करतात असं वाचलं, ते शाळांना लागू आहे का?

---

शरीरक्रिया | ४ डिसेंबर २०२५

रिपोर्ट घेऊ नका. साडेतेराव्या वर्षी हा आकडा दिवसाच्या वेळेप्रमाणे हलतो, सकाळी जास्त, संध्याकाळी कमी. शिवाय तो आजचा आकडा असतो, गेल्या वर्षभरात शरीराने काय कमावलं ते त्यात दिसत नाही. आणि तुम्ही एकदा रिपोर्ट स्वीकारला की पुढच्या वेळी पालकांना वाटेल, औषध देऊन आकडा खाली आणला की प्रवेश मिळेल. खेळाच्या यादीसाठी कोणत्याही मुलाने औषध घेऊ नये. तो निर्णय बालकांच्या हार्मोन-तज्ज्ञाचा आणि घरच्यांचा, त्यात शिट्टी गळ्यात असलेल्या माणसाने पडू नये.

जनुक चाचणी: वर्ल्ड अॅथलेटिक्सने १ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांत स्त्री गटासाठी एसआरवाय जनुकाची (वाय गुणसूत्रावरचं, पुरुषी शरीर घडवायला सुरुवात करणारं जनुक) चाचणी लागू केली. आयुष्यात एकदाच, गालातला फाया किंवा रक्ताचा थेंब. पुरुषी वयात येणं अनुभवलेल्या ट्रान्स स्त्रियांना त्यांनी मार्च २०२३ मध्येच स्त्री गटातून वगळलं होतं. जलतरण संघटनेने २०२२ मध्ये रेषा आखली ती वयात येण्याच्या दुसऱ्या टप्प्यावर किंवा १२ वर्षांवर, जे नंतर येईल त्यावर. हे सगळं आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी आहे. तालुक्याच्या मैदानावर त्याचा संबंध नाही.

या चाचणीचा इतिहासही जाणून घ्या. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३३८७ स्त्री खेळाडूंची अशीच चाचणी झाली, आठ जणींचा निकाल 'पुरुषी' आला. त्यांतल्या सात जणींचं शरीर टेस्टोस्टेरॉनला पूर्ण किंवा अंशतः दादच देत नव्हतं. आठही जणींना खेळू दिलं. त्या ट्रान्स नव्हत्या, जन्मापासून मुली म्हणून वाढल्या होत्या. आपल्याकडे धावपटू शांती सौंदराजनचं २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेतलं ८०० मीटरचं रौप्य लिंगचाचणीनंतर गेलं, धावपटू द्युती चंदला २०१४ मध्ये टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून राष्ट्रकुल संघातून वगळलं आणि २०१५ मध्ये क्रीडा लवादाने तो नियम स्थगित केला. ही प्रकरणं वेगळ्या जातीची आहेत, ती आणि ट्रान्स मुलीचा प्रश्न एकत्र कालवू नका. पण चाचणीचा जाच कोणाच्या वाट्याला येतो ते त्यांतून कळतं.

---

कॅलिफोर्नियाकर | ५ डिसेंबर २०२५

इकडच्या शालेय स्पर्धांतला एक मार्ग सांगतो, तुमच्या उपयोगाचा वाटला तर बघा.

कॅलिफोर्नियात २०१३ मध्ये झालेल्या कायद्याने विद्यार्थ्याला स्वतःच्या लिंगओळखीप्रमाणे शाळेच्या संघात खेळता येतं. मे २०२५ मध्ये राज्य अॅथलेटिक्स स्पर्धेआधी एका ट्रान्स मुलीवरून वातावरण फार तापलं, तेव्हा राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने नियम बदलला. तिच्यामुळे पात्रता एका जागेने हुकलेल्या मुलीला जादा जागा देऊन स्पर्धेत घ्यायचं. क्रमांक देताना ट्रान्स खेळाडूचा क्रमांक राहतोच, पण तिच्यामुळे कोणी खाली ढकललं जात नाही. मे अखेरीस क्लोव्हिसला स्पर्धा झाली. उंच उडी आणि तिहेरी उडीत ती पहिली आली आणि पहिल्या पायरीवर तिच्याबरोबर इतर मुलीही उभ्या राहिल्या. पदकं सगळ्यांना.

याने सगळे खूश झाले असं नाही. केंद्र सरकारने जुलैमध्ये राज्यावर दावा लावला. दुसऱ्या टोकाला आयडाहो, तिथे मार्च २०२० मध्ये बंदीचा पहिला कायदा झाला आणि आता निम्म्याहून जास्त राज्यांत तसे कायदे आहेत. यातले दोन खटले अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सुनावणीला घेतले.

कनेक्टिकटचा धडा वेगळा आहे. तिथे धोरण फक्त ओळखीवर होतं, जादा जागा, जोडक्रमांक काही नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये मुलींनी दावा लावला, त्यात म्हटलं होतं की दोन ट्रान्स धावपटूंनी मिळून १५ राज्य विजेतेपदं नेली. अंतिम फेरीतली जागा हुकलेल्या मुलींचं म्हणणं कोणी वेळेवर ऐकून घेतलं नाही, म्हणून ते कोर्टात गेलं. त्याच महिन्यात दावेदारांपैकी एकीने ५५ मीटरच्या राज्य स्पर्धेत त्यांतल्या एकीला हरवलं, हेही खरं आहे. सरासरी आणि एका दिवसाची शर्यत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

---

शेवटची_हीट | ५ डिसेंबर २०२५

माझं मत वरच्यांपेक्षा कडक आहे आणि ते स्पष्ट लिहिते.

मुलींचा वेगळा गट असतो तो शरीरामुळे. तसं नसतं तर एकच गट ठेवला असता आणि अंतिम फेरीच्या आठ लेनमध्ये क्वचितच एखादी मुलगी दिसली असती. कोण स्वतःला काय समजतं याच्याशी गटाच्या रेषेचा संबंध नाही. वयोगट किंवा कुस्तीतला वजनगट जसा शरीर बघून पाडतात तसाच हा. म्हणून १७ वर्षांखालील गटापासून पुढे, जिथे निवड, गुण, प्रमाणपत्र आहे, तिथे मुलींची यादी पुरुषी वयात येण्यातून न गेलेल्यांसाठी राखून ठेवावी. जोडक्रमांकाने पदक वाचतं. पण वर्षभर तिच्याशी धावताना आपण कधीच पहिली येणार नाही हे कळलेली मुलगी सराव सोडते, तिची नोंद कुठल्याच निकालपत्रकात नसते.

अंगाला अंग लागतं त्या खेळांत तर प्रश्न इजेचा आहे. जागतिक रग्बी संघटनेने २०२० मध्ये ट्रान्स स्त्रियांना स्त्री गटातून वगळलं ते याच कारणाने. कबड्डीत पकड करताना गुडघा आणि खांदा जातो. वजनाची अट असली तरी त्याच वजनात स्नायूंचं प्रमाण वेगळं असतं.

एवढं म्हणूनही सांगते, आठवीतल्या मुलीला शाळेच्या वार्षिक स्पर्धेत मैत्रिणींबरोबर धावू द्यायला माझी काही हरकत नाही. तिथे काय जाणार आहे? एक स्टीलचा डबा.

---

दुसरी_लेन | ६ डिसेंबर २०२५

ताई, वयात आल्यानंतरच्या शारीरिक फरकाबद्दल वाद नाही. माझी अडचण आहे अंमलबजावणीची. "पुरुषी वयात येण्यातून न गेलेली" हे ठरवणार कोण आणि कसं? युटाहमध्ये २०२२ मध्ये काय झालं बघा. एका मुलीने शर्यत जिंकली, दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या मुलींच्या पालकांनी ती मुलगीच नाही अशी तक्रार केली. शालेय क्रीडा संघटनेने घरच्यांना न सांगता तिच्या बालवाडीपासूनच्या नोंदी काढून पाहिल्या. ती जन्मापासून मुलगीच निघाली. त्याच राज्याच्या गव्हर्नरने बंदीच्या विधेयकावर नकाराधिकार वापरताना आकडे दिले होते: ७५ हजार शालेय खेळाडू, त्यांत ट्रान्स चार, मुलींच्या खेळात एक. विधिमंडळाने त्यांचा नकार फिरवला.

आपल्याकडे केस बारीक कापलेली, दांडगी, सावळी, ओठावर लव असलेली कितीतरी मुलगी गोळाफेकीत उतरते. असा नियम आला की हरकतीचं बोट पहिल्यांदा तिच्याकडे जाईल. म्हणून रेषा कुठेही आखा, पण ठरवताना कागदाच्या पलीकडे जायचं नाही आणि खोटी हरकत घेणाऱ्यालाही जबाब द्यावा लागेल, हे दोन्ही लिहिलेलं असू द्या.

---

शेवटची_हीट | ६ डिसेंबर २०२५

हे मान्य. निनावी किंवा तोंडी हरकत घ्यायचीच नाही. लेखी, मुख्याध्यापकांच्या सहीने, आणि पंचांनी ती बंद खोलीत बघायची.

शिवाय मुलींची जागा सर्रास जाते ती वयचोरीने, सोळाची मुलगी चौदात उतरवून. दरवर्षी, प्रत्येक जिल्ह्यात. त्याविरुद्धही हेच पालक तेवढ्याच जोराने बोलले तर मुलींचं फार भलं होईल.

---

लालमाती | ७ डिसेंबर २०२५

आता वार्षिक स्पर्धेचं वेळापत्रक. सर, तुमचं मैदान बहुधा २०० मीटरचं, सहा लेनचं असेल असं धरून लिहितो.

१०० मीटर: हीट्स 'मुलगे', 'मुली' अशा न पाडता वेळेप्रमाणे पाडा. खेलो इंडियाच्या फिटनेस चाचणीत ५० मीटर आणि ६०० मीटर घेतलेलं असेल, त्या वेळा तुमच्याकडे असतील. नसतील तर या आठवड्यात तासाला ५० मीटर घ्या. आठवीची सगळी मुलं वेळेप्रमाणे एका यादीत लावा आणि सहा-सहाचे गट करा. प्रत्येक शर्यतीत तीन क्रमांक, हाऊसला ५-३-१ गुण. चुरस वाढते, शेवटच्या गटातल्या मुलालाही बक्षीस मिळतं आणि कोण कुठल्या यादीत हा प्रश्न निघतच नाही.

यात चूक होते ती स्टॉपवॉचमध्ये. दोन जणांनी दोन घड्याळांवर घेतलेल्या वेळांत ०.३ सेकंदाचा फरक सहज येतो. एकाच माणसाने, एकाच घड्याळावर, बंदुकीचा धूर किंवा खाली येणारा झेंडा बघून घ्या. शिट्टीच्या आवाजावर घेऊ नका, शेवटच्या रेषेपर्यंत आवाज पोचायला वेळ जातो. वेळ वरच्या दशांशाला न्या, १४.३२ असेल तर १४.४.

शाळेचा 'सर्वोत्तम मुलगी धावपटू' असा चषक असेल तर त्यासाठी मुलींची अंतिम शर्यत वेगळी ठेवा. ती त्यात धावली तर जागा एक वाढवा: पाच लेन मुलींना वेळेप्रमाणे, सहावी तिला, आणि तिच्यामुळे कोणी सहाव्या क्रमांकावरून बाहेर राहत असेल तर दोन फेऱ्या घेऊन वेळेवर निकाल लावा. निकालपत्रकात क्रमांकाचे दोन रकाने करा, जोडक्रमांकाची पद्धत वर आलीच आहे. हे स्पर्धेच्या आधी सूचना फलकावर 'समान क्रमांक नियम' म्हणून लागलेलं पाहिजे. निकालानंतर जाहीर केलं तर दोन्ही बाजूंना फसवल्यासारखं वाटतं.

लांब उडी: इथे फटका बसतो तो नवव्या मुलीला. तीन उड्यांनंतर पहिल्या आठ जणींना आणखी तीन मिळतात. नऊ जणींना द्या. एका मुलीच्या तीन उड्यांना पाच-सात मिनिटं जास्त लागतील, बाकी काही नाही. उडी मोजताना टेप वाळूतल्या, फळीच्या सर्वांत जवळच्या खुणेपासून फळीला काटकोनात.

रिले: दोन मुलगे, दोन मुली असा मिश्र संघ करा, ४ x ४०० मध्ये हा प्रकार ऑलिंपिकलाही आहे. प्रत्येक हाऊसने त्यातल्या एका जागेवर कोणालाही घ्यावं अशी मुभा ठेवा, म्हणजे तिला 'मुलगा' म्हणून मोजायची वेळ येत नाही. काठी पडते ती बदलाच्या वेळी. सरावाला तेच जास्त घ्या.

कबड्डी: मुलींच्या संघात या वर्षी नको. शेवटची_हीट यांनी दिलेलं कारण बरोबर आहे. त्याऐवजी लंगडी, डॉजबॉल, खो-खो मिश्र घ्या. व्हॉलीबॉलही घेता येईल, जाळं २.२४ मीटरवर बांधा.

कपडे बदलायची सोय: सगळ्यांसाठी एक कडी असलेली खोली, एका वेळी एक मूल. फक्त तिच्यासाठी वेगळी खोली दाखवलीत तर ते पाटी लावण्यासारखंच होईल. मासिक पाळी सुरू असलेल्या मुलींनाही हीच खोली सोयीची पडते.

---

चुन्याची_रेघ | ७ डिसेंबर २०२५

हे सोमवारी मुख्याध्यापकांपुढे ठेवतो. वेळेप्रमाणे गट, लांब उडीत नऊ, मिश्र रिले, कबड्डी नाही. दोन पालकांना फलकावरचा नियम दाखवून समजावतो.

एकच उरलं. १७ वर्षांखालील गटात जिल्हा कार्यालयाने मुलींच्या यादीत नाही म्हटलं, तर मुलीला काय सांगायचं? मुलग्यांच्या यादीत ती जाणार नाही, हे मला आत्ताच माहीत आहे.

---

कॅलिफोर्नियाकर | ८ डिसेंबर २०२५

तिला आधी सांगा, कार्यालयाच्या आधी. उत्तर येईपर्यंत आशा वाढवायची आणि मग तोडायची, असं करू नका. जूनमध्ये पत्र देण्याच्या दिवशीच आईवडिलांसमोर तिला सांगायचं की उत्तर 'नाही' येऊ शकतं, आणि आलं तर आपण काय करणार ते हे. मग पर्याय खरोखर तयार ठेवा. बुद्धिबळात खुला गट असतो. नेमबाजीत १० मीटर एअर रायफलचे मुलगे-मुलींचे आकडे एकमेकांच्या बरेच जवळ असतात आणि मिश्र दुहेरीही आहे. रस्त्यावरच्या ५ किलोमीटर दौडींत प्रत्येकाची चिपवर वेळ येते. तिला धावायचंच असेल तर तिची वेळ दर महिन्याला त्याच मैदानावर, त्याच घड्याळावर घ्या आणि वहीत लिहा.

---

दुसरी_लेन | ८ डिसेंबर २०२५

आणि सराव थांबवू नका. यादीत नाव नाही म्हणजे सकाळी साडेसहाच्या सरावाला यायचं नाही, असा अर्थ मुलं आपोआप काढतात. कलम १३ मधली संधी सरावालाही लागू आहे. स्पर्धेच्या दिवशी तिला सोबत न्या आणि काम द्या: लांब उडीचा खड्डा सपाट करणं किंवा टेप धरणं नको, ते कोणीही करतं. रिले संघाच्या बदलाच्या खुणा मोजून लावायचं काम द्या. मागच्या धावपटूने कुठे पोचल्यावर पुढच्या मुलीने सुटायचं, ती पावलं रोजच्या सरावात असलेल्यालाच नीट मोजता येतात. तिच्या मैत्रिणींची शर्यत त्यावर अवलंबून असते.

---

लालमाती | ८ डिसेंबर २०२५

जूनच्या पत्राचा मसुदा हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा, पाठवतो. आणि पत्राची एक प्रत विभागीय उपसंचालकांनाही द्या, जिल्ह्याने वर विचारणा केली तर कागद आधीच तिथे असलेला बरा.